शेवटचे नऊ इंच

उद्यमबागेत माझी लेथ, दुसऱ्या शिफ्टची.
टेपर मला कुणी शिकवू नये:
टेलस्टॉक जरासा सरकवायचा, टूल लावायचं,
लोखंड आपोआप निमुळतं होत येतं.
मायक्रोमीटर हो म्हणाला की झालं.

पुतणीचे बाण म्हणून मीच केले.
जर्मनीहून आलेल्या मशीनच्या खोक्यातली पाइनची पट्टी,
रेषा उभ्या, एक गाठ नाही.
टोकापासून शेपटापर्यंत आठ पूर्णांक सात, सगळीकडे.
बारा बाण. रात्रभर जागून बदकाची पिसं चिकटवली.

रविवारी जांबोटीच्या माळावर
पेंढा भरलेल्या पोत्याकडे तोंड करून
सुप्रितानं पहिला सोडला.
ठक्.
हा आवाज पोत्याचा नव्हता. तिच्या मुठीजवळचा होता.
बाण डावीकडे, करवंदीच्या जाळीत.
दुसरा. ठक्. जाळीत.
तिसऱ्याला तिनं दोरी ओढलीच नाही,
नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मोरीच्या कठड्यावर सातेरी सुतार बसला होता.
धामणीचं ते धनुष्य त्यानंच तासलेलं.
"शेपूट आपटालंय गा तुझं," म्हणाला,
आणि माझा बाण पेरावर आडवा तोलून धरला.
"मागनं दोरी ढकलत्या. पुढचं लोखंड जड, ते हालायला वेळ लावतंय.
मग मधल्या काठीनं काय करायचं? वाकत्या बिचारी.
ओढ्यातल्या मळ्यासारखी अंग चोरून
धनुष्याच्या कडेनं निसटत्या.
तू मागं ओंडका ठेवलास,
तो जाताजाता लाथ मारतोय."

मग त्यानं माझी पिसं सोलून काढली. बोललो नाही मी.
सोड्याच्या बाटलीची फुटकी काच घेतली,
बाण मांडीवर फिरवत
शेवटचे नऊ इंच खरवडायला लागला.
लसणाच्या सालीएवढे पापुद्रे धोतरावर पडत होते.
मधेच थांबायचा, अंगठा फिरवायचा,
डोळे भलतीकडेच, एस.टी. येतेय का त्या रस्त्यावर.
पिसं परत बांधली, दोऱ्यानं, दातात धरून.

सुप्रितानं सोडला.
मी ठक् ऐकायला कान दिला होता.
आलं ते पलीकडून, पोत्याच्या पोटातून,
उशिरा आणि जाड: धप्प.

घरी येऊन माझी हाव सुटली.
अर्धा मिलिमीटर चांगला, तर दीड का नको?
लेथवर स्टेडी लावून चार बाण उतरवले,
शेपटी उंदराची.
"काका, हा नाचतोय," सुप्रिता म्हणाली.
दुसरा तर सुटतानाच पिचला,
कूस तिच्या मनगटात शिरली.
तेवढं रक्त मी रुमालानं टिपलं,
आणि सातेरीनं काहीच म्हटलं नाही,
जे त्यानं म्हणायला हवं होतं.
घेतलेलं परत लावता येत नाही,
हे तर टर्नरला पहिल्याच दिवशी सांगतात.

त्याचा बाण मी चोरून मोजला.
आठ सात. आठ पाच. परत आठ पाच.
आठ दोन. सात नऊ.
ही काय टेपरची रेष झाली?
इन्स्पेक्शनवाला फेकून देईल असला जॉब.
विचारलं, मधे जाड का ठेवलंस?
"तिथं लाकूड मऊ लागलं."
कुठं लागलं?
त्यानं अंगठा वर केला.
नख अर्धंच होतं, बाकीचं कुठल्या तरी वाकसानं नेलेलं.

आता जॉब फिरत असतो,
कूलंट दुधासारखं ओघळत असतं,
आणि मी मशीनकडे डोकं कलतं करून उभा.
शेजारच्या मशीनवरचा निंगाप्पा ओरडून विचारतो,
एन केळाकत्ती? काय ऐकालायस?
काय नाही, म्हणतो मी.
आणि खरंच,
तेवढंच ऐकत असतो.